जोशी कोण?

लॅबच्या बाकांवर आम्ही दहाबारा जण रिपोर्टची वाट बघत होतो. खिडकीतून 'जोशी!' अशी हाक आली आणि चौघं उठलो. खिडकीतल्या मुलीनं एकदा आमच्याकडे, एकदा हातातल्या पाकिटांकडे बघितलं आणि म्हणाली, "एस. जोशी." दोघं हिरमुसून खाली बसले. उरलो मी आणि एक काकू. "वय सांगा." मी भर गर्दीत 'एक्केचाळीस' म्हणालो. काकूंनी खिडकीत डोकं घालून काहीतरी पुटपुटलं. मुलीनं दोघांच्या हातात एकेक पाकीट ठेवलं आणि आमची सुटका केली.

जोशी म्हणजे मुळात ज्योतिषी. पण हाक नेमकी कोणत्या जोश्याला आलीय हे उठायच्या आधी ओळखणारा जोशी अजून निपजलेला नाही.

ऑफिसात आम्ही तिघं जोशी. मेल पाठवणारा 'जो' एवढंच टाइप करतो, पुढचं कॉम्प्युटर सुचवतो, आणि पत्र ज्याच्या नशिबात असेल त्याला जातं. 'आपली रजा नामंजूर' हे वाचून मी आधी हादरतो, मग आपण रजा मागितलीच नव्हती हे आठवतं, मग दुसऱ्या जोश्यासाठी वाईट वाटतं. तिसऱ्या जोश्याच्या गृहकर्जाचे किती हप्ते उरलेत ते मला पाठ आहे. त्याला माझ्याबद्दल काय काय पाठ असेल, या धास्तीनं मी त्याच्याशी फार अदबीनं वागतो.

शेवटी समदुःखी शोधायला जगाच्या फेरीवर निघालो (खुर्चीत बसूनच). व्हिएतनाममध्ये दहांतले तीन-चार जण 'न्गुयेन'. तिथले लोक शहाणे, आडनावानं हाक मारायच्या फंदातच पडत नाहीत, नावानं बोलावतात. दक्षिण कोरियाच्या २०१५च्या जनगणनेत किम निघाले एक कोटीहून जास्त, म्हणजे पाचांतला एक. तिथल्या लॅबमध्ये 'किम!' एवढीच हाक मारणारी मुलगी नोकरीत टिकत नसावी.

चिनी लोकांची तऱ्हा आणखी न्यारी. एकच अक्षर मँडरिनवाला 'चेन' वाचतो, कँटोनीजवाला 'चान', होक्कियनवाला 'तान', आणि व्हिएतनाममध्ये त्याचं 'ट्रान' होतं. म्हणजे एकाच आडनावाचे चौघं बाकावर बसले, तरी हाकेला एकच उठेल, बाकीचे ढिम्म. मला फार हेवा वाटला. पण कँटोनीजमध्येच 'वाँग' अशी हाक मारा, दोन निराळ्या आडनावांची माणसं उठतील. लिहायचं अक्षर वेगळं, उच्चार मात्र सुरासकट तोच. हेवा तिथल्या तिथे जिरला.

लिथुआनियात नवरा काझलाउस्कस, बायको काझलाउस्किएने आणि लग्न न झालेली लेक काझलाउस्काइते. एका घरात तीन आडनावं! बहुतेक आइसलँडिक लोकांना तर घराण्याचं आडनावच नाही. बापाच्या किंवा आईच्या नावापुढे 'मुलगा' किंवा 'मुलगी' जोडलं की झालं, आणि फोनची छापील डिरेक्टरी होती तोवर तीही पहिल्या नावानं लावलेली असायची. आम्हाला अशी डिरेक्टरी कुणी दिली असती, तर 'ज'ची पानं अशी मळली नसती.

जोशी तरी सगळीकडे जोशी राहतो का? जर्मन माणूस इंग्रजी स्पेलिंग वाचून 'योशी' म्हणतो, स्पॅनिश माणूस 'होशी'. घरच्या मराठीत तरी कुठे धड आहे? 'जोशी आले' इथवर ठीक, पण 'जोश्यांनी', 'जोश्यांचा', 'जोश्यांकडे'. विभक्ती लागली की मी लगेच मोडतो.

खरी कमाल जपानीत. एका जपानी सहकाऱ्यानं ती मला मीटिंगनंतर, बरंच अवघडून, सांगितली. त्यांच्या भाषेत 'जोशी' म्हणजे मुलगी, बाई. स्वच्छतागृहाच्या दारावरही हा शब्द असतो. 'जो' जरा लांबवला, तर अर्थ होतो वरिष्ठ, साहेब. माझी बढती इतकी वर्षं एका मात्रेवर अडलीय हे मला तेव्हा कळलं. शिवाय व्याकरणात शब्दांना मागून चिकटणारे त्यांचे जे 'चा', 'ला' असतात, तेही जोशीच. पुन्हा विभक्ती!

असो. लॅबमधून घरी येऊन पाकीट फोडलं. एस. जोशी, वय ६३, स्त्री. वय सोडलं तर जपानी भाषेत सगळं बरोबर होतं. साखर मात्र फारच वाढलेली. रिपोर्टावर फोन नंबर होता, तो लावला.

"हॅलो, मी जोशी बोलतोय."

"मीसुद्धा," पलीकडून काकू म्हणाल्या. "अहो, या वयात एवढं कोलेस्टेरॉल?"