चार वर्षं रोज जाते, पण बिल्डिंग ओळखता येईना

मागच्या महिन्यात आईबाबा ह्युस्टनला आले होते आणि बाबांचं पहिल्या दिवसापासून एकच, तुझं ऑफिस दाखव. कामाच्या दिवशी काही जमेना म्हणून रविवारी घेऊन गेले. डाऊनटाऊनला नेहमीच्या गॅरेजमध्ये नेहमीच्या लेव्हलला गाडी लावली, लिफ्टने खाली टनलला, म्हणजे ऑफिसला जायच्या भुयारी वाटेला, उतरलो तर समोर काचेचं दार बंद. आत अर्धेच दिवे चालू, चिटपाखरू नाही. दोनदा बॅज लावून बघितला, दार काही ढिम्म हलेना. म्हटलं चला, वरून जाऊ. वर रस्त्यावर आलो, ऊन असं की डोळे उघडवत नव्हते, आणि मी तिथे कोपऱ्यावर उभी राहून चारी बाजूंच्या काचेच्या बिल्डिंगा बघतेय आणि मला माझी बिल्डिंगच ओळखता येत नाहीये! चार वर्षं झाली हो इथे नोकरीला. शेवटी बाबांनी मला फोनवर पत्ता काढायला लावला आणि दारांवरचे नंबर वाचत वाचत त्यांनीच माझं ऑफिस शोधून दिलं. मग घाम पुसत शांतपणे म्हणाले, "तू इथेच येतेस ना नक्की?"

आई तर हसून हसून बेजार. मलाही हसू आलं, पण घरी आल्यावर ते डोक्यातून जाईना.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, ह्युस्टनच्या डाऊनटाऊनखाली साधारण २० फुटांवर टनलचं एक आख्खं जाळं आहे, ६ मैलांहून जास्त, म्हणजे १० किलोमीटरच्या आसपास, ९५ ब्लॉक जोडलेत त्यात. मोठ्या ऑफिस बिल्डिंगा, हॉटेलं, बँका आणि मुख्य म्हणजे पार्किंग गॅरेजेस. माझी सकाळ म्हणजे घरच्या गॅरेजमधून गाडी काढायची, ऑफिसच्या गॅरेजमध्ये लावायची, लिफ्ट, टनल, परत लिफ्ट, खुर्ची. दुपारचं खाणं खालीच, केस कापायचे तर खालीच, चष्म्याचा स्क्रू निघाला होता तो पण खालीच बसवून घेतला. पाऊस पडून गेला हे मला कितीदा तरी घरी जाताना फ्रीवेवर ओला रस्ता बघून कळतं.

आणि वाट माझ्या पक्की पाठ आहे, फक्त ती रस्त्यांच्या नावांनी नाही. गॅरेजच्या लिफ्टमधून बाहेर पडलं की करडं कार्पेट, त्याला कसलातरी ओलसर वास येतो, मग छत एकदम खाली येतं आणि पाइपांची घरघर ऐकू येते, मग जमिनीत एक पितळेची पट्टी आहे, ती ओलांडली की तपकिरी मार्बल सुरू, तिथे एसी इतका जोरात की हात आपोआप खिशात जातात, कॉफीचा वास आला की उजवीकडे. झालं. आंधळी कोशिंबीर खेळत पण पोचेन मी.

ती पितळेची पट्टी काय आहे हे मला फार उशिरा कळलं. ती हद्द आहे! अलीकडचं कार्पेट एका मालकाचं, पलीकडचं मार्बल दुसऱ्याचं. म्हणून फरशी बदलते, दिवे बदलतात, थंडी बदलते, सिक्युरिटीवाल्यांचे शर्टसुद्धा बदलतात. हे टनल बहुतांशी खाजगी आहेत, ज्याची बिल्डिंग त्याचा तुकडा, आणि हे सगळे तुकडे एकमेकांना जोडलेत इतकंच. कुणी एका नकाशावर बसून आखलेलं हे काम नाहीच. १९३० च्या दशकात विल हॉरविट्झ नावाच्या थिएटरवाल्याने आपली थिएटरं खालून जोडली, कारण एसी तेव्हा नवा आणि महागडा प्रकार होता आणि गार हवा वाटून घेतली तर परवडत होती. मग एकाने खणलं म्हणून दुसऱ्याने खणलं असं करत करत हे एवढं झालं. म्हणजे मुळात माणसाच्या आधी हवेची सोय बघितली गेली, माणसं नंतर त्या हवेच्या मागे गेली 😄

आता यावर लोक दोन टोकाचं बोलतात. एक म्हणे टनल म्हणजे ह्युस्टनची शान, दुसरे म्हणे टनलने रस्ते मारले. डॅलसमध्येही असलेच टनल आहेत आणि तिथल्या एक महापौर लॉरा मिलर तर जाहीरपणे म्हणाल्या होत्या की जमलं असतं तर सिमेंट ओतून बुजवून टाकले असते. मला हे बुजवाबुजवीचं काही पटत नाही. ऑगस्टमध्ये इथे दुपारी बारा वाजता दोन ब्लॉक चालून दाखवा आणि मग बोला. घामाने शर्ट पाठीला चिकटलेला असताना "रस्त्यावरचं जिवंतपण" वगैरे काही सुचत नाही माणसाला.

पण मग टोरंटोचं बघा. तिथलं पाथ (PATH) नावाचं टनलचं जाळं ३० किलोमीटरचं आहे, सुरुवात १९०० साली ईटन्स या दुकानाने आपल्या दोन इमारती खालून जोडल्या तिथून झाली, म्हणजे तिथेही सुरुवात धंद्यापायीच. मॉन्ट्रियलला १९६२ मध्ये प्लास व्हिल मारी नावाचं ऑफिस कॉम्प्लेक्स उभं राहिलं, त्याच्या खालून ते भुयारी शहर सुरू झालं, १९६६ मध्ये मेट्रो आली आणि मग ते स्टेशनास्टेशनाला धरून वाढत गेलं. त्या कामात व्हिन्सेंट पॉन्टे नावाचे प्लॅनर होते. आणि गंमत म्हणजे डॅलसच्या टनलची आखणी नंतर याच पॉन्टेंनी केली! माणूस तोच, कल्पना तीच. पण डॅलसला तेव्हा खाली मेट्रो नव्हतीच.

मला वाटतं सगळी मेख इथे आहे. टनल सुरू कुठून होतो? स्टेशनपासून सुरू झाला तर त्यातून सगळं शहर चालतं, विद्यार्थी, म्हातारे, रात्रपाळीचे, सुट्टीच्या दिवशी नुसते भटकणारे. पार्किंगपासून सुरू झाला तर त्यातून फक्त गाडीवाले चालतात, तेसुद्धा ऑफिसच्या वेळेत. आमच्याकडे मेन स्ट्रीटवर २००४ पासून ट्रेन धावते, ती वर रस्त्यावर, आणि ट्रेनमधून उतरून टनलला जायचं तर आधी कुठलीतरी बिल्डिंग गाठायची, तिची लॉबी पार करायची आणि एस्कलेटर कुठे लपवलाय ते शोधायचं. थेट रस्त्यावरून खाली उतरता येईल अशा जागा अगदी बोटावर मोजण्याइतक्या, त्यातली एक वेल्स फार्गो प्लाझा या बिल्डिंगला. माझ्या टीममधली एक बसने येते. पावसाच्या दिवशी ती स्टॉपवरून तीन ब्लॉक चालत भिजून येते आणि मी केस सुद्धा न विस्कटता तिच्या शेजारी येऊन बसते. दोघी एकाच मजल्यावर, एकाच टेबलाला. फरक इतकाच की मी महिन्याचं पार्किंग भरते. म्हणजे मी डोक्यावरच्या छताचं भाडं भरते म्हणा ना.

आणि माझी खरी तक्रार वेगळीच आहे, ती संध्याकाळची. टनल साधारण सकाळी ६ ते संध्याकाळी ६, सोमवार ते शुक्रवार. हिवाळ्यात साडेपाचलाच अंधार पडतो, एखादी मीटिंग लांबली की साडेसहा होतात, खाली दार बंद, मग वरून जायचं. आणि वर काय असतं? काहीच नसतं. सगळी खाण्याची ठिकाणं, दुकानं खाली, ती तर दुपारीच आवरायला लागतात, वर नुसत्या काचेच्या भिंती आणि गॅरेजांची तोंडं, माणूस नाही की उघडं दुकान नाही, दोनच ब्लॉक असतात पण मी किल्ली मुठीत धरून भराभर चालते आणि घरी कुणालातरी उगाचच फोन लावते. म्हणजे ज्या टनलने दिवसभर रस्त्यावरची माणसं उचलून खाली नेली, तोच सहाच्या ठोक्याला मला एकटीला त्या रिकाम्या रस्त्यावर आणून सोडतो. दिवसा वर थोडी जाग असती तर रात्रीही दोनचार दारं उघडी राहिली असती.

पाण्याचंही आहेच. २००१ च्या जूनमध्ये ॲलिसन वादळाचं पाणी डाऊनटाऊनच्या टनलमध्ये आणि बेसमेंटमध्ये घुसलं होतं, एका ऑफिसातली बाई लिफ्टने खाली गेली ती त्या पाण्यातच सापडली आणि गेली. हे मला एका जुन्या सहकाऱ्याने लिफ्टमध्ये उभं असतानाच सांगितलं (लोकांना वेळ काळ कळत नाही). गॅरेजच्या रॅम्पवरून जशी गाडी खाली येते तसंच पाणीही येतं, त्याला कुठे बॅज लागतो. त्या वादळानंतर इथल्या मोठ्या हॉस्पिटलांच्या, म्हणजे मेडिकल सेंटरवाल्यांनी आपल्या भुयारांना पाणबुडीसारखी जाड दारं बसवली आणि २०१७ च्या हार्वे वादळामध्ये ती टिकली. डाऊनटाऊनला मात्र हार्वेतही थिएटर डिस्ट्रिक्टचं भुयारी गॅरेज भरलंच.

मला फार काही नकोय. टोरंटोला त्या पाथच्या मूळच्या पाट्यांवर PATH मधल्या प्रत्येक अक्षराला दिशेचा रंग ठरवला होता, लाल म्हणजे दक्षिण, निळा म्हणजे उत्तर, तसलं काहीतरी करा की माणसाला डोक्यावर कुठला रस्ता आहे ते तरी कळेल. रस्त्यावरून सरळ खाली येणारे जिने वाढवा. रात्री ९ पर्यंत आणि शनिवारी उघडं ठेवा. मालक म्हणतील जादा सिक्युरिटीचा पगार कोण देणार, बरोबर आहे, बंद बिल्डिंगखाली कुणाला का येऊ द्यावं त्यांनी फुकट. मग शहराने द्यावा वाटा. रस्त्याखालून जायची परवानगी शहरच देतं ना, मग दारं कधी उघडी ठेवायची हेही त्याच कागदात लिहून घ्यावं.

आईबाबा गेल्यानंतरच्या सोमवारी मी ठरवलं की आज तरी बिल्डिंग बाहेरून बघायचीच. पितळेच्या पट्टीपाशी जो गार्ड बसतो, चार वर्षं रोज गुड मॉर्निंग म्हणतो, त्याला विचारलं इथून वर रस्त्यावर कसं जायचं. तो जरा विचारात पडला. मग म्हणाला लिफ्टने लॉबीत जा, तिथून मागच्या बाजूला एक दार आहे, बहुतेक उघडं असेल. मी वळले तर मागून काळजीने विचारतो, "पण मॅडम, वर कशाला जायचंय? बाहेर ९८ फॅरनहाइट आहे."