पडद्याच्या अलीकडची इकॉनॉमी

आधीच सांगतो, फेसबुकवर बिझनेस क्लासचं रडगाणं गाणारा माणूस मलाही डोक्यात जातो, त्यामुळे ज्यांना "याला पैसा जास्त झालाय" अशी कमेंट टाकायचीये त्यांनी खुशाल टाका, फक्त पोस्ट पूर्ण वाचून टाका. आईच्या दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं झालीयेत. नऊ तास पाय दुमडून बसणं तिला शक्यच नाही, म्हणून आयुष्यात पहिल्यांदा आम्ही दोघांची बिझनेसची तिकिटं काढली, इकॉनॉमीच्या साडेतीनपट पैसे मोजून.

पहिली फ्लाइट रात्रीची. सीट मस्त होती, खोटं कशाला बोला. पूर्ण आडवी होणारी, आईनं पाय सरळ केले आणि "हुश्श" केलं तेव्हाच माझे अर्धे पैसे वसूल झाले. उरलेल्या अर्ध्या पैशांचं काय झालं ते आता ऐका.

आईला झोपायच्या आधीची गोळी घ्यायची होती. बेल्टचा दिवा विझल्यावर मी बटण दाबलं. डोक्यावर तो छोटा दिवा लागला आणि मी त्याच्याकडे पस्तीस मिनिटं बघत बसलो, मध्ये एकदा वाटलं बटण बिघडलंय म्हणून बंद करून परत लावला. शेवटी स्वतःच उठलो, पडदा सरकवून मागे गेलो, तर तिथे इकॉनॉमीत ट्रॉली अर्ध्यापर्यंत पोचलेली आणि सगळ्यांच्या हातात पाण्याचे ग्लास! दोन ग्लास घेऊन निघालो तेवढ्यात पुढची एअर होस्टेस धावत आली. "सॉरी सर, आज पुढे मी एकटीच आहे आणि मध्येच मागेही बोलावतात." पुढे आम्ही अठ्ठावीस जण होतो. तिचे डोळे इतके तारवटलेले होते की मीच म्हटलं, जाऊ द्या ताई, आमचं काही अडलं नाही.

मग जेवण आलं, सगळं एकाच ट्रेमध्ये, वर फॉइल, तसंच जसं मागे देतात. चमचे तेवढे स्टीलचे. गादीची गुंडाळी प्लॅस्टिकसकट पायाशी पडलेली, ती मी फोडली, मीच अंथरली. आई हळूच विचारते, "तू तिकीट बरोबर काढलंयस ना रे?"

घरी कुणी ऐकून घेत नाही म्हणून इथे सांगतो, माझा राग त्या मुलीवर अजिबात नाही. विमानात किती क्रू पाहिजे याचा नियम अमेरिकेत आणि युरोपात ५० सीटमागे किमान एक असा आहे, आणि तो नियम आहे जीव वाचवण्यासाठी. नवं मॉडेल पास होताना भरलेलं विमान अर्धेच दरवाजे वापरून ९० सेकंदांत रिकामं करता येतं हे दाखवावं लागतं, सगळा हिशोब त्याच्याशी जोडलेला. चहा कोण देणार, अंथरूण कोण घालणार, हे त्यात कुठेच बसत नाही. म्हणजे त्या किमान आकड्याच्या वर जो माणूस ठेवायचा तो कंपनीनं आपल्या खुशीनं ठेवायचा, आणि काटकसर सुरू झाली की पहिली कुऱ्हाड त्याच्यावरच. सीट कापता येत नाही कारण सीटचा फोटो वेबसाइटवर आहे. गोळी घ्यायला वेळेवर मिळालेल्या पाण्याचा फोटो कोण काढतो?

आणि गंमत बघा, बिझनेस क्लास जन्माला आला तो बरोबर याच्या उलटा. सत्तरच्या दशकात पूर्ण भाडं भरणारे कामाचे प्रवासी कुरकुरायला लागले की शेजारी स्वस्तात तिकीट घेतलेला बसलाय आणि आम्हाला वेगळं काय मिळतंय. मग १९७८ च्या सुमारास पॅन ॲम, ब्रिटिश एअरवेज अशा कंपन्यांनी त्यांना वेगळं बसवायला सुरुवात केली. तेव्हा सुरुवातीला खुर्च्या बऱ्याच ठिकाणी इकॉनॉमीच्याच होत्या, फरक होता तो विचारपूस करण्यात, ड्रिंक फुकट देण्यात, जरा शांत बसू देण्यात. आडवी होणारी सीट बिझनेसमध्ये ब्रिटिश एअरवेजनं आणली ती २००० साली. म्हणजे आधी बडदास्त होती आणि खुर्ची साधी होती, आता खुर्ची राजाची आणि विचारायला कुत्रं नाही.

हे पुस्तकी वाटेल, पण आमच्या दुसऱ्या फ्लाइटला मी ते १९७८ साल डोळ्यांनी बघितलं. अडीच तासांची फ्लाइट, छोटं विमान, युरोपातल्या बऱ्याच कंपन्या करतात तो प्रकार, तीन-तीनच्या ओळीत मधली सीट रिकामी सोडायची आणि त्याला बिझनेस म्हणायचं. पडदासुद्धा रुळावरचा, जितकी तिकिटं खपली तितका मागे सरकवायचा. पाय ठेवायला जागा मागच्या ओळींइतकीच. आता आईचा त्रास कोपरांचा नव्हता हो, गुडघ्यांचा होता! मी कपाळावर हात मारला. पण तिथला क्रूचा माणूस, पन्नाशीचा असेल, आईला चालताना बघून स्वतःहून आला, तिला कडेच्या सीटवर घ्या म्हणाला, दोन उशा आणून गुडघ्यांखाली नीट बसवल्या आणि उतरेपर्यंत दोनदा येऊन विचारून गेला. आई आजही त्याचंच नाव काढते, त्या राजेशाही सीटबद्दल एक अक्षर नाही.

काही कंपन्या आता निदान उघड सांगतात तरी. एमिरेट्सनं २०१९ मध्ये आणि कतार एअरवेजनं २०२० मध्ये लाउंज (विमानतळावरची खास बसायची-खायची खोली) नसलेलं स्वस्तातलं बिझनेसचं भाडं काढलं. ते मला चालतं. काय मिळणार नाही ते कळलं, भाव कमी आहे, घ्यायचं तर घ्या. पण पूर्ण पैसे घेऊन गुपचूप अर्धं द्यायचं याला आपल्याकडे काय म्हणतात ते सगळ्यांना माहितीये.

तक्रार करायला गेलो तर अजून शहाणा झालो. युरोपचा २००४ चा नियम आहे, क्रमांक २६१, कंपनीनं तुम्हाला खालच्या क्लासमध्ये बसवलं तर अंतराप्रमाणे तिकिटाचे ३०, ५० किंवा ७५ टक्के परत. भारतातही फेब्रुवारी २०२३ पासून तसा नियम आहे, देशातल्या फ्लाइटला करांसकट ७५ टक्के. वाचून मी खूश, लगेच मेल ठोकला. मग नीट वाचलं. हे सगळं तुम्हाला उठवून मागे बसवलं तरच. बूड बिझनेसच्या सीटवर टेकलंय ना, मग पुढे तुम्हाला कुणी पाणी विचारलं की नाही याच्याशी या नियमांचा काही संबंध नाही. आणि कंपनीचं उत्तरही तेच आलं, तीन ओळींचं: "आपण आरक्षित केलेल्या श्रेणीतील आसन आपणास उपलब्ध करून देण्यात आले होते." खाली सर्व्हेची लिंक, पाचपैकी किती स्टार द्याल.

परतीचं तिकीट पुढच्या आठवड्यात आहे. काल सहज सीट मॅप उघडून बघितला तर विमान बदललंय. नऊ तासांची फ्लाइट तीच, तिकिटावर बिझनेस तसंच लिहिलेलं, फक्त आडवी होणारी सीट गेली आणि नुसती थोडी मागे झुकणारी आली. आईला अजून सांगितलेलं नाही.