आइसलँडची वीज, वज्रेश्वरीची कुंडं आणि एक व्हॉट्सअ‍ॅप मेसेज

"आइसलँडची सगळी वीज ज्वालामुखीतून येते. फुकट, धुराशिवाय. आणि आपण वज्रेश्वरी-उन्हवऱ्याच्या गरम पाण्यात नुसत्या आंघोळी करतो." हा मेसेज बऱ्याच ग्रुपवर फिरतोय. चांगली शिकलेली माणसंही तो पुढे पाठवतात, म्हणून लिहितोय.

"सगळी वीज" हे खरं नाही. तिथली साधारण 70 टक्के वीज जलविद्युत आहे. सर्वांत मोठं केंद्र काराहन्यूकार, 690 मेगावॉटचं, हिमनदीच्या पाण्यावर चालतं. भूगर्भातल्या उष्णतेचा वाटा 30 टक्क्यांच्या आसपास. तिचं मोठं काम वेगळंच आहे: दहातली नऊ घरं ती उबदार ठेवते.

"फुकट" हा शब्द मला सर्वांत जास्त खटकतो. नोव्हेंबर 2023 मध्ये ग्रिंडाविक हे मच्छीमारांचं गाव एका रात्रीत रिकामं करावं लागलं. जानेवारीत लाव्हा गावात शिरला, घरं जळाली. 8 फेब्रुवारी 2024 ला त्यानं भूगर्भातल्या उष्णतेवर चालणाऱ्या स्वार्तसेंगी केंद्रातून निघणारी गरम पाण्याची मुख्य वाहिनी तोडली आणि रेक्यानेस द्वीपकल्पावरच्या वीस हजारांहून जास्त लोकांची घरं ऐन थंडीत गारठली. ज्या धगीवर घरं तापतात, तिच्या शेजारी राहण्याची किंमत ही माणसं मोजताहेत.

"धुराशिवाय" हे बऱ्याच अंशी बरोबर. मात्र वाफेबरोबर कार्बन डायऑक्साइड आणि हायड्रोजन सल्फाइड वर येतात. हेलिसहेइदी या तशाच केंद्रात ते पाण्यात विरघळवून बेसॉल्टमध्ये सोडतात. कार्बन डायऑक्साइडचा बहुतांश भाग दोन वर्षांत दगड होतो.

बेसॉल्ट म्हणजे आपल्या सह्याद्रीचाच काळा कातळ. पण आपला लाव्हा सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी वाहिला आणि केव्हाच निवला. कोकणातल्या झऱ्यांखाली ज्वालामुखी नाही. पावसाचं पाणी भेगांतून खोल मुरतं, तिथे तापतं आणि वर येतं. उन्हवऱ्याचं पाणी 70 अंशांच्या आसपास. हेलिसहेइदीच्या विहिरींत तापमान 200 अंशांच्या वर जातं. दोन्हींची तुलनाच चुकीची आहे.

आणि आंघोळीला "नुसती" का म्हणायचं? आइसलँडची राजधानी रेक्याविकमधल्या बायका पूर्वी कपड्यांची ओझी घेऊन लाउगारदालुरच्या गरम झऱ्यांवर धुवायला चालत जायच्या. 1930 मध्ये त्याच जागेवरून गरम पाण्याची पहिली वाहिनी निघाली आणि शहरातल्या एका शाळेपर्यंत पोचली.