‘फक्त फुटबॉल’ म्हणजे नेमकं काय रे भावांनो?

काल रात्री पावणेबाराला आमच्या सपोर्टर ग्रुपवर अ‍ॅडमिनचा मेसेज पडला. “उद्यापासून ग्रुपवर फक्त फुटबॉल. राजकारण, पाणी, रस्ते, लाईट बिल असलं काय पण टाकलं तर न विचारता रिमूव्ह केलं जाईल.” दहा मिनिटात खाली अंगठेच अंगठे. मी अंगठा दिला नाही. का दिला नाही हे तिथं लिहिलं असतं तर ते पण उडवलं असतं, म्हणून इथं लिहितोय. लांब होणार आहे, पण मनात लई दिवस साठलंय.

आमची टीम ज्या तालमीची आहे तिचं नाव घेत नाही. घ्यायची गरज पण नाही, शिवाजी पेठ असू दे नाहीतर मंगळवार पेठ, कोल्हापुरातल्या प्रत्येक टीमच्या ग्रुपवर हेच चाललंय हे तुम्हाला पण माहिती आहे.

तर झालं असं. आमच्या गल्लीत पाणी न येण्याचा मंगळवारी तिसरा दिवस होता. ग्रुपवरच्या एका काकांनी फोटो टाकला. नळाला बांधलेलं पांढरं फडकं, त्याच्यावर गंजाचा तांबूस डाग, खाली कळशी, कळशीच्या तोंडावर आतमध्ये कोरडी धूळ दिसत होती. खाली एकच ओळ, “आज बी न्हाई. कुणाकडं आलंय का?” बास. एवढंच. कुणाचं नाव नाही, पक्ष नाही.

पहिली दोन उत्तरं बरोबर आली, “आमच्यात बी न्हाई काका”, “वरच्या गल्लीत बारीक धार हाय.” तिसऱ्यानं लिहिलं, काळम्मावाडी धरणातनं शहराला आणलेल्या थेट पाइपलाइनचं श्रेय घेणाऱ्यांना विचारा. चौथा म्हणाला त्यांनी आणली तरी, तुमच्या साहेबांनी काय आणलं. मग २०२३ च्या दिवाळीत काळम्मावाडीचं पाणी आलं तेव्हा कोण नाचलं, कोण रुसलं, मग कुणाचा बाप कुठल्या पक्षात होता, कुणी कुठल्या इलेक्शनला काय घेतलं, आणि अर्ध्या तासात पाण्याचा विषय कुठल्या कुठं गेला. शेवटी एका बावीस वर्षाच्या पोरानं काकांनाच लिहिलं, “म्हातारपणी गप घरात बसायचं.” काका दोन मिनिटांनी ग्रुप सोडून गेले. काही न लिहिता.

हे काका म्हणजे कोण ते त्या पोराला माहीतच नसेल. आमच्या वेळेला शाहू स्टेडियमवर माझा घोटा निखळला होता, पाय असा फुगलेला की बूट निघेना, तेव्हा यांनी स्वतःच्या पानपट्टीतली कात्री आणून बुटाची लेस कापली आणि लुनावर मागं बसवून मला हाडाच्या डॉक्टरकडं नेलं. टीम हरली तरी सगळ्यात शेवटी गॅलरीतून उठणारा माणूस. त्या माणसाला आपल्याच टीमच्या ग्रुपवर कुणी असं बोललं आणि आम्ही चारशेच्या वर माणसं बघत बसलो.

आणि ह्याच्यावर अ‍ॅडमिननं काढलेला उपाय काय, तर पाण्याचं बोलायचं नाही.

मला हे पटत नाही. अजिबात पटत नाही.

आधी एक सांगा, आपला फुटबॉल राजकारणातनं कधी बाहेर होता? सतेज चषक, राजेश चषक, चंद्रकांत चषक, आपण ह्या नेत्यांच्या नावांच्या स्पर्धा वर्षानुवर्षं खेळलो आणि बघितल्या. चंद्रकांत जाधव अण्णा स्वतः फुटबॉल खेळलेला माणूस, २०१९ ला ह्याच शहराचा आमदार झाला, डिसेंबर २०२१ ला गेले तेव्हा सगळ्या टीमची पोरं हळहळली, कुठल्या पक्षाचे होते हे कुणी विचारलं नाही. त्यात काही वाईट आहे असं मी म्हणत नाही, नेत्यांनी खेळाला पैसा दिला, बक्षीसं दिली, बाहेरनं प्लेअर आणायला मदत केली, ते खरंच आहे. पण मग बक्षीस समारंभ चालतो, स्टेजवरची भाषणं चालतात, नेत्याच्या वाढदिवसाचा फ्लेक्स ग्रुपवर सकाळी सहाला पडतो तो पण चालतो, त्याच्याखाली “साहेब एकच नंबर” चालतं, आणि काकांच्या कळशीचा फोटो तेवढा राजकारण होतो? असला नियम केला की बंद कोण होतं बघा. फ्लेक्सवाला बंद होत नाही, कारण ते ‘शुभेच्छा’ असतात. प्रश्न विचारणारा तेवढा बंद होतो.

आणि ज्यांच्या नावानं स्टेडियम आहे त्या राजाचं तरी बघा. २६ जुलै १९०२ ला ५० टक्के आरक्षणाचा हुकूम काढणारा आणि कुस्तीसाठी खासबाग मैदान बांधणारा माणूस एकच. त्यांना खेळ वेगळा आणि समाज वेगळा असं कधी वाटलं नाही, आपल्यालाच का वाटायला लागलंय?

ग्रुपवर एकजण म्हणाला की खेळात राजकारण आणलं की खेळ मरतो. भावा, मला उलटं दिसतं. २०२२ च्या ऑगस्टमध्ये फिफानं आख्ख्या भारताला सस्पेंड केलं ते आठवतंय का? आपल्या देशाच्या फुटबॉल फेडरेशनच्या अध्यक्षांची मुदत २०२० च्या डिसेंबरातच संपलेली, निवडणूक काही होईना, शेवटी मे २०२२ ला सुप्रीम कोर्टानं प्रशासकांची समिती बसवली, आणि फिफा म्हणाली हा बाहेरचा हस्तक्षेप. १६ ऑगस्टला सकाळी उठलो तर आपला देश फुटबॉलमधनं बाहेर. ऑक्टोबरात आपल्याकडं पोरींचा अंडर-१७ वर्ल्डकप व्हायचा होता, तो पण टांगणीला लागला. २६ तारखेला बंदी उठली, २ सप्टेंबरला निवडणूक झाली, कल्याण चौबे ३३ आणि आपला बायचुंग भुतिया १. एक! ज्याच्या नावाचं टी-शर्ट घालून आपण लहानपणी गल्लीत खेळलो त्याला एक मत. तेव्हा ग्रुपवर रात्री दोनपर्यंत चर्चा झाली होती, लई भारी झाली होती, कोण चुकलं, राज्यांच्या संघटना कुणाच्या ताब्यात असतात, खेळाडूंना मत का नाही. तेव्हा कुणी म्हणालं नाही की राजकारण नको. तो फुटबॉलच होता.

मग आता पुढचं जुळवून बघा. फेडरेशनची मुदत २०२० ला संपली तशी आपल्या महापालिकेची पण २०२० च्या नोव्हेंबरातच संपली होती. त्यांना निदान फिफानं कान धरून निवडणुकीला बसवलं. आपल्याला कुणी फिफा नव्हती. मधली पाच वर्षं प्रशासक, वॉर्डात नगरसेवक नाही, तक्रार घेऊन कुणाच्या दारात जायचं कळत नव्हतं. त्या पाच वर्षांत लोकं कुठं बोलायची? आपल्या ग्रुपवरच बोलायची. ड्रेनेज तुंबलं, ग्रुपवर. स्ट्रीट लाईट गेली, ग्रुपवर. उद्यमनगरात माझा दोन लेथ मशिनचा कारखाना आहे, लाईट बिल बघून पोटात गोळा येतो, कर्नाटकात वीज स्वस्त पडते म्हणून तिकडं जायचं का ह्याच्यावर आम्ही चारपाच जण ग्रुपवरच बोललोय, कारण आम्ही सगळे एकाच गॅलरीत बसणारे आहोत, एकमेकाला ओळखतो. अनोळखी माणसाशी एवढं मोकळं कोण बोलतंय.

२०१९ चा महापूर तर विसरूच शकत नाही. पंचगंगेची धोका पातळी ४३ फूट, पाणी ५५ च्या वर गेलेलं. शिरोलीजवळ हायवे पाण्याखाली, पेट्रोल नाही, दूध नाही, पिण्याचं पाणी पण नाही. तेव्हा हाच ग्रुप होता. कुणाच्या घरात म्हातारं माणूस अडकलंय, कुठल्या गल्लीत कमरेएवढं पाणी आहे, कुणाकडं टायरची ट्यूब आहे, चपात्या कुठं द्यायच्या. मैदानात एकमेकांच्या पायात पाय घालणाऱ्या दोन पेठांची पोरं एका ट्रॅक्टरवर उभी होती. त्या आठ दिवसात ग्रुपवर फुटबॉलचा एक शब्द नव्हता. अ‍ॅडमिननं कुणाला काढलं नाही, उलट स्वतः रात्रभर जागून याद्या करत होता, त्याचं मला आजपण कौतुक आहे. आणि शहरातल्या टोलविरुद्धच्या आंदोलनाच्या वेळी? एन. डी. पाटील सरांच्या मागं आख्खं शहर उभं राहिलं, तालमी-मंडळं रस्त्यावर आली, तेव्हा आम्ही फक्त फुटबॉल खेळतो म्हणून घरात बसलो असतो तर टोलनाके अजून तिथंच दिसले असते.

पण दुसरी बाजू आहे आणि ती मी टाळणार नाही. ग्रुपवरच्या बोलण्यानं माणसं तुटतात. भांडण नळावरनं निघतं आणि आईबापावर जातं. मॅच हरली की रात्री जे लिहिलं जातं ते दुसऱ्या दिवशी स्टेडियमबाहेर दगड होऊन पडतं, मॅच थांबवायला पोलीस आलेले आपण सगळ्यांनी बघितलेत.

जून २०२३ च्या हिंदू-मुसलमान तणावाचं तर बोलायलाच पाहिजे. ७ जूनला शहर बंद, लाठीचार्ज, इंटरनेट बंद, आणि सुरुवात कशावरनं, तर मोबाईलच्या स्टेटसवरनं. त्याच्या आदल्या दिवशी आमच्या ग्रुपवर फॉरवर्ड वर फॉरवर्ड येत होते. कुठलं खरं, कुठलं खोटं, कुणाला माहिती नाही. माझ्याबरोबर सात वर्षं डिफेन्सला खेळलेला एक मुसलमान मित्र त्याच ग्रुपवर होता. तो सगळं वाचतोय हे मला दिसत होतं. मी त्या दिवशी एक ओळ लिहिली नाही. ‘थांबा रे, आपला माणूस इथं बसलाय’ एवढंच लिहायचं होतं. हाताला कूलंट लागलंय, नंतर लिहू, असं स्वतःला सांगत मी मशिन चालवत बसलो. शनिवारी त्याच्या गॅरेजवर गेलो तेव्हा तो गाडीखाली झोपलेला, पान्हा मागितला, मी दिला, चहा झाला, इंजिनाचं बोललो. ग्रुपचं तो काही बोलला नाही, मी पण नाही. त्यानंतर तो ग्रुपवर गोल झाला तरी काही टाकत नाही. हे माझ्या डोक्यातनं जात नाही.

म्हणून मी म्हणतो की विषयावर बंदी घालून काही होणार नाही. त्या दिवशी माणूस विषयानं नाही तुटला, आमच्या गप्प बसण्यानं तुटला.

गॅलरीत बसून बघा काय होतं ते. रेफ्रीनं पेनल्टी दिली, दोघं उठले, एकानं दुसऱ्याच्या कॉलरला हात घातला. पुढच्या सेकंदाला काय होतं? मागनं कुणीतरी कमरेला मिठी मारतं, कुणी हात धरतं, एखादं म्हातारं ओरडतं, “ए सोड की लगा, मॅच बघ!” दोघांना दोन बाजूला बसवतात, शेंगदाण्याची पुडी पुढं होते. सोडवणारी माणसं असतात म्हणून आपण भांडू शकतो, पिढ्यान्‌पिढ्या भांडलोय आणि परत एकाच टपरीवर कटवडा खाल्लाय. ग्रुपवर भांडणारे सहा असतात आणि बघणारे चारशे, पण कमरेला मिठी मारणारा एक पण नसतो. सगळे वाचतात, कुणी स्क्रीनशॉट काढून दुसऱ्या ग्रुपवर टाकतं, बास. त्या बावीस वर्षाच्या पोराला दहा जणांनी तिथल्या तिथं लिहिलं असतं की “भावा, काकांची माफी माग आणि पाण्याचं काय ते बोल” तर त्यानं मागितली असती. पोरगं वाईट नाही, मी ओळखतो त्याला, लेफ्ट विंगला सुसाट पळतं, त्याला कुणी हात धरला नाही एवढंच.

अ‍ॅडमिन दादा, तुला नियम करायचाच असेल तर फॉरवर्डवर कर. स्वतःच्या डोळ्यानं बघितलेलं, स्वतःच्या नळाचं, स्वतःच्या खिशाचं लिहा, दुसऱ्यानं पाठवलेलं इथं नको. प्रोफाइलला वाघाचा फोटो आणि नाव ‘किंगमेकर’ असल्यांना खरं नाव लावायला लाव. आणि पेठेतली पाच मोठी माणसं सांगून ठेव, की भांडण लागलं तर मध्ये पडायचं काम त्यांचं. पण काकांची कळशी बंद करू नको.

आज संध्याकाळी कारखाना बंद करून काकांच्या घरी गेलो होतो. पाणी आलेलं, बारीक धार, काकी बादली सरकवत होत्या. मी म्हटलं काका, झालं ते झालं, परत ग्रुपवर या, पोराला मी घेऊन येतो तुमच्याकडं. ते बराच वेळ नळाकडं बघत बसले. मग म्हणाले, “येतो की. पोराला बी आण, च्या पिऊन जाऊ दे. पर मी पाण्याचं बोलणार, आधीच सांगून ठेव त्येला अ‍ॅडमिनला.”

सांगितलंय. रविवारी सकाळी दहाला तालमीत बसायचं ठरलंय, पोरगं येतो म्हणालंय.