'विमानतळाजवळच्या हॉटेलातून काय नागपूर दिसणार?' : एका प्रतिक्रियेला उत्तर

'अस्सल नागपूरकर' या नावाने लिहिणाऱ्या वाचकांस,

नमस्कार. वर्धा रोडवरच्या हॉटेलातल्या दोन रात्रींबद्दल मी लिहिलं, त्यावर तुमची प्रतिक्रिया वाचली. आधी माझी चूक. मेट्रो थेट टर्मिनलच्या दारात सोडते असं मी लिहिलं होतं, ते बरोबर नाही. एअरपोर्ट स्टेशन वर्धा रोडवर आहे, तिथून बॅग घेऊन आत जावं लागतं. मजकूर दुरुस्त केला आहे. तुम्ही साध्या शब्दांत सांगितलं असतं तरी केलाच असता. 'मेट्रोत कधी पाय तरी ठेवला का' हे विचारायची गरज नव्हती. मार्च २०१९ मध्ये खापरी ते सीताबर्डी मेट्रो सुरू झाली, त्याच महिन्यात मी आईला घेऊन तीत बसलो होतो.

खोलीचं भाडं, नाश्त्यातले बिनतर्रीचे पोहे, एसी यांवर तुम्ही जे लिहिलंत त्यात मी पडत नाही. हिवाळी अधिवेशनाच्या दिवसांत भाडी चढतात हे मी दुसऱ्याच परिच्छेदात लिहिलं होतं. वाचलं असतं तर दिसलं असतं.

पण तुमचं एक वाक्य दोन दिवस डोक्यातून जात नाही. 'नातेवाईक न टिकवलेला माणूस स्वतःच्या गावात हॉटेलात उतरतो, त्याला तिथून काय नागपूर दिसणार?'

नातेवाइकांचं सांगतो. माझा मोठा भाऊ नंदनवनला राहतो. मागच्या वेळी पहाटेच्या विमानासाठी वहिनी अडीचला उठल्या, डबा केला, आणि सत्तरीतल्या भावाने जानेवारीच्या थंडीत स्कूटर काढली. माझ्या मागून ते एकटे परत गेले. विमानात तो डबा मला उघडवला नाही. त्या दिवशी ठरवलं की संध्याकाळचं जेवण भावाकडे आणि झोपायला विमानतळाजवळ. याला कोणी नाती तोडणं म्हणत असेल तर म्हणो. माझ्या वहिनींना हे पटलं आहे, तुम्हाला पटायची गरज नाही.

आता 'काय दिसणार' याबद्दल. साहेब, माझा जन्म सोमलवाड्याचा. तुम्ही ज्याला विमानतळाजवळचं म्हणून बाजूला सारता, ते माझं गाव आहे. वडील टपाल खात्याच्या रेल्वे मेल सर्व्हिसमध्ये होते आणि त्यांची बरीच वर्षं सोनेगावला, म्हणजे याच विमानतळावर, रात्रपाळीत गेली. १९४९ मध्ये रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली, तिचा मध्य नागपूर होता. मुंबई, दिल्ली, कलकत्ता, मद्रास अशा चारी दिशांची विमानं मध्यरात्री सोनेगावला उतरायची, टपालाच्या थैल्यांची अदलाबदल करायची आणि उजाडायच्या आत आपापल्या शहराला परतायची. मद्रासहून दिल्लीला निघालेलं पत्र आमच्या शिवारातून जायचं. बाबा सकाळी सायकलवरून घरी आले की त्यांच्या शर्टाला लाखेचा वास यायचा आणि उजव्या अंगठ्यावर सील लावताना पोळलेला काळा डाग असायचा. आई तो खोबरेल तेलाने चोळायची. मी आठ-नऊ वर्षांचा असताना, १९६८ च्या सुमारास, त्यांनी एकदा मला रात्री सोबत नेलं. अंधारातून दिवे खाली येताना पाहिले आणि मी त्यांचा हात घट्ट धरला, तो अंगठाच माझ्या मुठीत होता.

हॉटेलच्या तिसऱ्या मजल्यावरची खिडकी उघडत नव्हती. तरी मी दिवा मालवून खुर्ची काचेला लावली आणि बाराच्या पुढे एक विमान उतरेपर्यंत बसलो. तुमच्या नागपुरात सीताबर्डी असेल, महाल असेल, इतवारी असेल. ती माझीही आहेत. पण मला माझं नागपूर त्या काचेतून दिसलं, आणि तुम्ही माझ्या शेजारी नव्हतात.

तुमची प्रतिक्रिया काढलेली नाही, तशीच ठेवली आहे. पुढच्या वेळी आलो की तिथेच उतरेन. भेटायचं असेल तर कळवा, पण स्वतःच्या नावाने कळवा.