समुद्री गवत पेरून जंगलाची भरपाई होत नाही

बडोद्यात दांडिया बाजारातल्या आमच्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर गेल्या पंधरवड्यात एकच मजकूर तीनदा आला. "समुद्री गवत हे एक शेवाळ आहे. ते जंगलापेक्षा पस्तीसपट कार्बन शोषतं. कच्छच्या आखातात ते पेरलं की तोडलेल्या झाडांची भरपाई होते. एका जागचं गेलं तरी दुसरीकडे लावता येतं, आणि सगळं उपग्रहावरून मोजता येतं." शेजारच्या मुलाने विचारलं, "मावशी, तुम्ही वनस्पतिशास्त्र शिकवायचात ना? हे खरं का?" लिहिणाऱ्याची कळकळ मला दिसते. पण इथे एका चुकीवर दुसरी चूक उभी आहे, म्हणून एकेक वाक्य घेते.

"हे एक शेवाळ आहे." नाही. शेवाळाला खरी मुळं नसतात, फूल नसतं. ते दगडाला चिकटून राहतं आणि सगळ्या अंगाने पाण्यातून अन्न घेतं. समुद्री गवत ही सपुष्प वनस्पती आहे. वाळूखाली हरळीसारखं आडवं पसरत जाणारं खोड, त्याला खाली मुळं, वर पानं, आणि पाण्यातच होणारं परागीभवन. जगात याच्या साठ-सत्तर जाती आहेत, भारतात पंधराच्या आसपास. हा नुसता नावाचा वाद असता तर मी सोडून दिला असता. पण हे गवत गाळात रुजतं, आणि पुढचं सगळं त्या गाळावरच अवलंबून आहे.

"पस्तीसपट." हा आकडा कुठून येतो ते सांगते. २०११ मध्ये शास्त्रज्ञांनी जगभरच्या मोजण्या एकत्र केल्या. समुद्री गवताच्या एक चौरस मीटर कुरणाखाली वर्षाला सरासरी १३८ ग्रॅम कार्बन गाडला जातो, उष्णकटिबंधातल्या जंगलाच्या मातीत सुमारे ४ ग्रॅम. भागाकार केला की पस्तीसच्या जवळ जातो. पण तुलना फक्त मातीत गाडल्या जाणाऱ्या कार्बनची आहे! झाडाच्या खोडात आणि फांद्यांत साठतो तो यात धरलेलाच नाही. शिवाय जगातली सगळी समुद्री कुरणं मिळून समुद्रतळाच्या ०.२ टक्के जागासुद्धा व्यापत नाहीत. अशा मोजण्यांत भूमध्य समुद्रातल्या पोसिडोनिया या समुद्री गवताचा वाटा मोठा असतो. त्याची मुळं आणि गाळ शतकानुशतकं साचून काही मीटर जाडीचे थर झालेले असतात. आपल्या आखातातल्या हॅलोफिला या समुद्री गवताचं पान अंगठ्याच्या नखापेक्षा फार मोठं नसतं. वडाच्या सावलीचं माप तुळशीला कसं लावणार?

मग "पेरलं की भरपाई" हे वाक्य आपोआपच लंगडं होतं. पानं पाण्याचा वेग कमी करतात, तरंगता गाळ खाली बसतो, मुळं त्याला धरून ठेवतात, आणि त्या प्राणवायू नसलेल्या थरात कार्बन कुजल्याविना पडून राहतो. म्हणजे किंमत आहे ती खाली साचलेल्या थराची. जेटीसाठी तळ खणला की तो उघडा पडतो आणि जुना कार्बन पुन्हा पाण्यात जायला लागतो. दुसरीकडे चार रोपं लावून तो थर परत येत नाही.

लावणं तरी सोपं आहे का? २०१६ मध्ये जगभरच्या १,७८६ लागवडींचा हिशेब मांडला गेला. तगण्याचं प्रमाण सरासरी ३७ टक्के निघालं. यश मिळतच नाही असं नाही, आणि मला ते सांगायलाही आवडतं. अमेरिकेत व्हर्जिनियाच्या किनाऱ्यावरचं ईलग्रास नावाचं समुद्री गवत १९३० च्या दशकात रोगाने आणि १९३३ च्या वादळाने नाहीसं झालं होतं. तिथे सुमारे वीस वर्षांत सात कोटींहून जास्त बिया पेरल्या आणि साडेतीन हजार हेक्टरांवर कुरण उभं राहिलं. पण तिथलं पाणी चांगलं होतं, कमी होतं ते फक्त बियाणं. तिथेही कार्बन गाडण्याचा वेग नैसर्गिक कुरणाइतका व्हायला दहा-बारा वर्षं लागतात असं दिसलं. पाणी गढूळ झाल्यामुळे गवत मेलं असेल, तर त्याच पाण्यात बी टाकून काय होणार? या वनस्पतीला पृष्ठभागावरच्या उजेडाचा साधारण दहावा हिस्सा तरी तळापर्यंत पोचावा लागतो.

उपग्रहाबद्दल थोडं सविस्तर, कारण मी स्वतः चिखलात उतरले आहे. स्वच्छ, उथळ पाण्यात, मोठ्या पानांच्या दाट कुरणासाठी उपग्रहाचा खरंच उपयोग होतो. कच्छच्या आखातात मात्र पाणी गढूळ, झाडं बुटकी आणि विरळ, आणि मध्ये मध्ये शेवाळ. वरून दोन्ही हिरवंच दिसतं. म्हणून पंचांगात अमावास्या-पौर्णिमा बघायची, मोठी ओहोटी साधायची आणि चालत जायचं. जगभर चालणारी एक पद्धत अशी आहे: पन्नास मीटरच्या तीन फिती समांतर टाकायच्या, दर पाच मीटरला अर्ध्या मीटरची चौकट ठेवायची, अशा तेहतीस चौकटी. प्रत्येकीत किती टक्के जागा झाकली आहे, जात कोणती, पानांची उंची किती, वर शेवाळ किती चढलंय, हे लिहायचं आणि फोटो काढायचा.

कच्छच्या आखातातल्या नरारा बेटावर परवानगी घेऊन आम्ही गेलो तेव्हा पहिल्याच चौकटीला मी साठ टक्के म्हटलं, सोबतच्या मुलीने पस्तीस. वाकून बोटांनी शेवाळ बाजूला केलं तर तिचंच बरोबर निघालं. पाणी परत चढायच्या आत तेहतीस चौकटी संपवताना पाठ मोडते. पण त्याच जागी पुढच्या वर्षी त्याच दिवसांत गेलो, तरच "वाढलं" की "घटलं" हे म्हणता येतं. का घटलं, हेही जागेवरच कळतं. लक्षद्वीपच्या अगत्तीत गवत विरळ झालं ते हिरव्या कासवांच्या चरण्यामुळे. ते तिथे पाण्यात राहून मोजणाऱ्यांनी दाखवून दिलं.

मजकुराखाली एकाने लिहिलं होतं, "बडोद्याला कुठे समुद्र आहे, आपला काय संबंध?" ओखामंडळ बडोदे संस्थानात होतं. सयाजीराव महाराजांच्या काळात बडोदे सरकारने समुद्रजीवांचे अभ्यासक जेम्स हॉर्नेल यांच्याकडून तिथल्या समुद्रजीवांची पाहणी करून घेतली आणि तिचा अहवाल १९०९ आणि १९१६ मध्ये दोन भागांत छापला. कच्छच्या आखाताच्या तोंडाशी असलेला हाच तो किनारा. तिथल्या समुद्रात काय आहे ते आधी नीट बघून लिहून ठेवावं, हे आपल्या शहराला शंभर वर्षांपूर्वी सुचलं होतं.