लाल पेनाने खोडलेला चित्रकार

आज डोकं फिरलंय, त्यामुळे पोस्ट लांबणार आहे. वेळ नसेल त्यांनी खुशाल पुढे सरकावं.

आठवीतल्या भाच्याला चित्रकलेचा गृहपाठ होता. ‘माझा आवडता चित्रकार’, एक पान माहिती आणि समोरच्या पानावर चित्र. पोराने व्हिक्टर अँटोनॉव्हवर लिहिलं. कुठून उतरवलेलं नव्हतं, स्वतःच्या अक्षरात, स्वतःच्या चुकांसकट. (नाव माझ्याच तोंडून ऐकलेलं, ते सोडा.) आज वही परत आली ती पानभर तिरकी लाल रेघ घेऊन. खाली शेरा: ‘गेममधील चित्रे ही कला नव्हे. राजा रविवर्मा किंवा तत्सम चित्रकार निवडणे.’

तत्सम! वाण्याची यादी आहे का ही, अमुक साबण नसेल तर तत्सम आणा म्हणायला?

तर हा अँटोनॉव्ह कोण. बल्गेरियातल्या सोफियाचा माणूस. २००४ साली आलेल्या ‘हाफ-लाइफ २’ या गेमचा कलादिग्दर्शक. त्यातलं सिटी १७ नावाचं शहर त्याच्या डोक्यातून आलं. लहानपणी पाहिलेली पूर्व युरोपातली शहरं त्याने त्यात ओतली होती.

मला तो भेटला २००६ मध्ये, साताऱ्यात, शनिवार पेठेतल्या आमच्या माळ्यावरच्या खोलीत. धाकट्या भावाने हप्त्यावर कॉम्प्युटर घेतला होता आणि ‘अभ्यासाला लागतं’ अशी थाप मारून त्यात ग्राफिक्स कार्ड बसवून आणलं होतं. मी सिव्हिल डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला. गेम सुरू होतो रेल्वे स्टेशनावर. मुखवटा घातलेला एक शिपाई मुद्दाम डबा खाली पाडतो आणि तुम्हाला तो उचलून कचऱ्यात टाकायला लावतो. बाहेर पडलं की चौक, आणि त्यामागे ढगात घुसलेला धातूचा अजस्र मनोरा. मी त्या चौकात उभी राहिले ती राहिलेच. भाऊ मागून ओरडतोय, “ताई, पुढे चल की! बघत काय बसलीस?”

बघतच बसले होते. खाली जुन्या जमान्यातल्या नक्षीदार इमारती. त्यांना खेटून कम्युनिस्ट काळातले खोक्यांसारखे ब्लॉक. आणि दोघांच्या अंगावर चढलेलं परक्या सत्तेचं काळं लोखंड. कुणी काही समजावून सांगत नाही, पण नुसत्या भिंती बघून कळतं की इथे आधी कोण होतं, नंतर कोण आलं आणि सध्या कुणाचं चालतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुधाची किटली घेऊन निघाले आणि आमच्याच गल्लीत अडखळले. समोरचा वाडा रोजचाच. पण त्या दिवशी दिसलं: खाली काळ्या दगडाचं जोतं, वर लाकडी खांबांचा सज्जा, सज्जाच्या अर्ध्या भागात भावकीच्या वाटणीनंतर बसवलेली ॲल्युमिनियमची सरकती खिडकी, त्यावर आरसीसीचा मजला, आणि मजल्यातून बाहेर आलेल्या गंजक्या सळया, उद्या पैसे आले तर अजून एक चढवू म्हणून ठेवलेल्या. मान वर केली तर अजिंक्यताऱ्यावर टीव्हीचा टॉवर. गावात कुठूनही दिसणारा. हसूच आलं. वीस वर्षं मी या गल्लीत राहत होते आणि ती बघायला मला एका बल्गेरियन माणसाने शिकवलं होतं. किटली पायरीवर ठेवून मी जर्नलच्या मागच्या कोऱ्या पानावर तो वाडा काढला. घरी बोलणी खाल्ली, दूध संपलेलं होतं.

हे कला नाही? मग काय आहे?

मान्य, गेम गोळीबाराचा आहे. मान्य, तेरा वर्षांच्या पोराने तो खेळू नये, आणि आमचा खेळलेलाही नाही, त्याने नुसती चित्रं पाहिलीत. आणि हो, असा गेम एकट्याने होत नाही, अख्खी टीम राबते. बरं, पुढे?

ज्या रविवर्म्याचं नाव लिहायला सांगितलंय त्याने १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढला, तो पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला हलला. तिथल्या छापील लक्ष्मी-सरस्वती घराघरांत भिंतीवर लागल्या. तेव्हाही नाकं मुरडणारे होतेच की, बाजारू म्हणून. आपल्या कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांनी आधी नाटकांचे पडदे रंगवले, मग सिनेमा केला. प्रेक्षक खुर्चीत बसायच्या आधी त्याच्यासाठी एक जग उभं करून ठेवायचं, हेच काम ना ते? गेममधलं जग आधी चित्रात उभं करणारा कॉन्सेप्ट आर्टिस्ट दुसरं काय करतो? फरक इतकाच की या पडद्याच्या आत चालत जाता येतं.

अँटोनॉव्हने पुढे २०१२ च्या ‘डिसऑनर्ड’ या गेमसाठी डनवॉल उभं करायला हातभार लावला. लंडन आणि एडिंबराच्या सावलीतलं, प्लेगने आणि उंदरांनी पोखरलेलं, व्हेलच्या तेलावर चालणारं शहर. शहराला इंधन कुठून मिळतं इथपासून विचार. मी आज लोकांच्या किचन ट्रॉल्यांचे ड्रॉइंग काढते, तरी गिऱ्हाइकाला आधी विचारते की सिलिंडर कुठून आत येतो आणि खरकटं कुठून बाहेर जातं. ही सवय कॉलेजने लावलेली नाही.

फेब्रुवारी २०२५ मध्ये तो गेला. बावन्न वर्षांचा होता. ऑफिसात बातमी वाचली, शेजारच्या टेबलावर सांगायला तोंड उघडलं आणि गप्प बसले. कोण गेलं म्हणून सांगणार? भावाला फोन केला. तो जरा थांबून म्हणाला, “तो चौकवाला?”

तोच भाऊ आज म्हणतोय, “ताई, सरांशी वाद नको, वर्षभर त्यांच्याच हाताखाली काढायचंय त्याला.” चिडले मी त्याच्यावर. आता लिहिता लिहिता वाटतंय, त्याचंही चूक नाही. सरांना एका वर्गात साठ वह्या तपासायच्या असतात, आणि हे नाव त्यांनी कधी ऐकलंच नसेल. विचारता आलं असतं पोराला, एवढंच.

उद्या वही परत द्यायचीय. भाचा आत्ता शेजारी बसून रविवर्मा उतरवतोय, मुकाट्याने. मी खोडलेल्या पानासमोरचं त्याचं चित्र बघतेय. तोच वाडा काढलाय. सळया आता नाहीत, त्यांच्या जागी खरंच मजला झालाय आणि मजल्याला एसी लागलाय. एसीचा पांढरा पाइप भिंतीवरून वाकडातिकडा खाली येतो आणि जोत्यापाशी रंगाच्या रिकाम्या डब्यात सोडलाय. हा डबा मी कधी पाहिलाच नव्हता.

“आहे का रे तिथे खरंच?”

“आहे की. काकू ते पाणी कुंड्यांना घालतात.”

सकाळी जाऊन बघणार आहे.